एकवीस कोनाडे

३ डिसेंबर, शनिवार
उपाशीपोटी साखर ७.९

दवाखान्यातल्या नर्सने ही वही साखर लिहायला दिली. रोज सकाळी बोट टोचायचं आणि आकडा लिहायचा, सातच्या आत हवा म्हणे. एका आकड्याला आख्खं पान, सरकारकडे कागद उतू चाललेला दिसतो. उरलेल्या जागेत मी माझं लिहीन. माझं अक्षर घरात कोणालाच लागत नाही, त्यामुळे भीती नाही.

आज काम ठरलं. बी झुहुरा मोंबासाला तीस वर्षं राहून आता आमच्या लामू बेटावर परतली आहे आणि तिने मशिदीमागचं आजोबांचं घर नीट करून घेतलंय. आतल्या खोलीत नवरी बसते त्या भिंतीत एकवीस कोनाडे आहेत, सात-सातच्या तीन ओळी. तिच्या मुलीचं लग्न मार्चच्या सुरुवातीला, रमजानच्या आधी. तोवर सगळ्या कोनाड्यांत चिनी मातीच्या जुन्या फुलदाण्या हव्यात. बशा नकोत, वाडगे नकोत, नवं काही नको.

तिने मासिकातलं एक चित्र दाखवलं. सारख्या सारख्या जोड्या, मधे रिकामी जागा. मी म्हटलं, बी झुहुरा, हे हॉटेल झालं. आपल्या कोनाड्याला शोभा असतेच, पण तो आधी नजरेसाठी असतो. खोलीत शिरलेल्या बाईची नजर आधी भांड्यांवर पडावी, तिथे अडकावी आणि बोथट होऊन मग नवरीपर्यंत पोचावी. नजर वाईट असेल तर भांडं तडकतं आणि माणूस वाचतो. जोडी असली की नजर एकदाच अडकते, एकवीस वेगळ्या असल्या की एकवीस वेळा. हे तिला पटलं.

लामूत जुनं भांडं ओळखणारी बी तिमा एकच, असं तिला कोणी तरी सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू, ते खरंच आहे. आजीने शिकवलंय मला. बोटाच्या पेराने वाजवायचं, बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, मग उजेडाकडे धरायचं. वरची झिलई माणसाला फसवते, पण बुडाची उघडी माती फसवत नाही.

म्वानाशाला सांगितलं तर ती खूश झाली. माझी एकुलती एक लेक, वरच्या मजल्यावर राहते. आमच्याकडे मुलगी आईचं घर सोडत नाही, जावईच राहायला येतो. तिला सातवा लागलाय. दोन वर्षांपूर्वी जे झालं ते या वहीत लिहायचं नाही.

१० डिसेंबर, शनिवार
साखर ८.१

फमाऊ पाच फुलदाण्या घेऊन आला, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या. शेवंडी पकडणाऱ्या घरातला माणूस आहे, पस्तिशीचा. आता म्हणतो की त्यापेक्षा पाटे बेटावरच्या पडक्या घरांतून जुन्या वस्तू आणायचा धंदा बरा. गोणपाट ओलं कशाला, विचारलं. "मावशी, ओलं असलं की होडीत घसरत नाही," म्हणाला. डोकं आहे त्याला. नडग्यांवर ओरखडे होते, पडक्या घरांत काटेरी झुडपं माजतातच. येतोही अमावस्या-पौर्णिमेच्या मागेपुढे. पाट्याची खाडी मोठ्या भरतीशिवाय नीट ओलांडता येत नाही, म्हणजे तेही बरोबर.

पाचांतल्या तीन घेतल्या. एक निळी-पांढरी, बाटलीच्या घाटाची, मानेवर वेल. एक तपकिरी, दोन छोटे कान असलेली. आणि एक शेवाळी, दुधीभोपळ्यासारखं पोट, झिलईत केसासारख्या बारीक रेघांचं जाळं. ते जाळं भट्टीतच पडतं, तो दोष नव्हे. उरलेल्या दोन परत दिल्या. एकीची मान जोडलेली होती आणि दुसरीच्या बुडाला धुरात धरून म्हातारपण आणलेलं होतं. फमाऊ ओशाळला. त्या दोन बाजारातून घेतल्याचं त्याने कबूल केलं, बाकीच्या अगदी खऱ्या आहेत म्हणाला.

खऱ्या आहेतच. तिन्हींवर छोटे गोल खरबरीत डाग आहेत, काही तरी खरवडून काढल्यासारखे. समुद्राकाठच्या घरांत खारा वारा असं करतोच. तपकिरीच्या पोटातून शिंपल्याचा तुकडा निघाला. पोरं काहीबाही टाकून ठेवतात.

शेवाळीला उजेडात धरलं ती खाली ठेववेना. कौतुकाची नजर लागू नये म्हणून माशाल्ला म्हणायचं असतं, ते राहून गेलं. नंतर म्हटलं.

म्वानाशा शेजारी बसून भाजकी माती खात होती. पोटुशी असली की हिला मातीचे डोहाळे लागतात. किती वेळा सांगितलं की दूध पी. म्हणते, दुधाला चव नाही, मातीला आहे.

२६ डिसेंबर, सोमवार
साखर ८.०

चौदा झाल्या. त्यातल्या नऊ फमाऊच्या, पाच गावातल्या घरांमधून. आज मांडायला बसले. वरच्या ओळीत उंच आणि निमुळत्या, कारण तिथे नजर खालून जाते आणि पोट दिसत नाही. मधल्या ओळीत पोटाच्या. खालच्या ओळीत गडद, कारण तिथे पोरांचे हात लागतात. शेवाळी बरोबर मधोमध, नवरीच्या डोक्यामागे येईल अशी. बी झुहुरा दारात उभी राहून म्हणाली, "आता कळलं मोंबासाच्या घरात काय चुकत होतं." मला बरं वाटलं, लपवत नाही. मी शेवाळीवर हात फिरवून म्हटलं, आख्ख्या बेटावर हिच्या तोडीची नाही.

एका गोष्टीवरून डोकं फिरलं. काही फुलदाण्यांच्या मानेवर पांढरी भुकटी धरली आहे, कापसासारखी. कोनाड्यांचा गिलावा फुंदी अथमानचा. सत्तरी ओलांडलेला म्हातारा, पन्नास वर्षं चुन्याचं काम करतोय आणि सगळं गाव त्याला नुसतं फुंदी, म्हणजे कारागीर, म्हणतं. मी त्याला बोलावून म्हटलं, फुंदी, तुमचा चुना झडतोय माझ्या भांड्यांवर. तो इतका चिडला की काठी आपटली. म्हणाला, "पोरी, माझा चुना माझ्या मढ्यानंतरही झडणार नाही." आणि निघून गेला. मी सगळ्या फुलदाण्या फडक्याने पुसून घेतल्या.

९ जानेवारी, सोमवार
साखर ८.८

उत्तरेचा कोरडा वारा जोरात सुरू झालाय. ओठ फुटलेत, दारं आकसून वाजतायत.

दुपारच्या नमाजानंतर मी आणि बी झुहुरा खोलीत पडद्याचं कापड बघत होतो. मी मधल्या ओळीकडे बघितलं आणि टिंग असं वाजलं. अगदी बारीक. शेवाळीच्या पोटावर वरपासून खालपर्यंत चीर. झिलईचा नखाएवढा पापुद्रा खाली पडलेला.

कोणी हात लावला नव्हता. मांजर नव्हतं. बी झुहुराने ऊद जाळला आणि हसून म्हणाली, चला, कोणाची तरी वाईट नजर गेली तिच्यावर. मीही हसले.

घरी येताना मोजत होते की त्या खोलीत आज कोण कोण आलं होतं. ती आणि मी.

१२ जानेवारी, गुरुवार
साखर ९.९

आणखी दोन. निळी-पांढरी सकाळी, मी मानेवरचा वेल नवरीच्या मावशीला दाखवत असताना. तपकिरी दुपारी. दोन्हींच्या वेळी मी समोर होते. दोन्ही मी उचलून, वाजवून, उजेडात धरून, तोंडभर कौतुक करून निवडलेल्या.

नवरीच्या मावशीने आपल्या कडेवरच्या मुलाच्या तोंडावर पदर घेतला. मला दिसू नये अशा बेताने घेतला, पण मला दिसलं.

बी झुहुरा मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "बी तिमा, राग मानू नका. पण तुम्ही वस्तूकडे फार टक लावून बघता."

टक लावून न बघता जुनं भांडं कसं निवडायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

१३ जानेवारी, शुक्रवार

बोट टोचलं नाही. लिहायचं नाही म्हटलं होतं ते लिहिते.

दोन वर्षांपूर्वी म्वानाशाला आठवा लागला होता. गुरुवार होता. ती अंगणात न्हाऊन आली, ओल्या कपड्यात पोट उठून दिसत होतं. मी दोन्ही हात पोटावर ठेवून म्हटलं, कलिंगड झालंय नुसतं, असं पोट मी गावात बघितलं नाही. माशाल्ला म्हटलं नाही. हसत होते. शनिवारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की बाळ गेलंय. मुलगा होता. मी त्याला न्हाऊ घातलं.

तेव्हा वाटलं, अल्लाची मर्जी. आता बसून हिशोब लावते आहे. कलिंगड म्हटलं, दोन दिवसांत गेलं. आख्ख्या बेटावर तोड नाही म्हटलं, दोन आठवड्यांत तडकलं. भांडी तडकली तर दुसरी मिळतील. वर माझी लेक आहे, तिला नववा लागतोय, आणि तिच्यापुढे कोनाडा नाही.

मला माझ्या नातवाची भीती वाटते. माझ्यापासून वाटते.

१७ जानेवारी, मंगळवार
साखर ११.६

ठरवलंय की वर जायचं नाही. जेवण जिन्याच्या पायरीवर ठेवते आणि हाक मारते. हारिथ, माझा जावई, मोकोवेला होडी चालवतो, तो घरी असला की त्याच्या हाती देते. विचारत होता, सासूबाई, गुडघे का? म्हटलं, गुडघे.

गावात बातमी फिरली आहे. विहिरीवर मी पोचले की बायका बोलायच्या थांबतात आणि मग मुद्दाम मोठ्याने पाण्याबद्दल बोलतात. एकीने तर स्वतःच्या शेळीपुढे उभी राहून आडोसा केला. शेळीला. मी म्हटलं, बाई, तुझ्या शेळीकडे बघायला मला डोळे जड झाले नाहीत. बोलून टाकलं, पण घरी येऊन रडले.

२२ जानेवारी, रविवार
साखर १२.१

बी झुहुराने तडकलेल्या तिन्ही परत पाठवल्या. पुढच्या खोलीत भिंतीशी ठेवल्यात. त्यांच्यावर पुन्हा ती पांढरी भुकटी. इथे तर फुंदीचा चुना नाही. फडक्यातून आली असेल.

म्वानाशा स्वतःच खाली आली. जिना उतरताना तिचा श्वास ऐकू येत होता. मी चटईच्या काठाकडे बघत भाजी निवडत राहिले. ती फुलदाण्यांपाशी बसली आणि नखाने भुकटी खरवडून चाटू लागली. डोहाळेच असले. मी ओरडले तर म्हणते, "चुना नाही गं हा, खारट लागतोय." तिला आजकाल सगळंच खारट लागतं. परवा चहा खारट म्हणून ओतून दिला होता. मी फुलदाण्या उचलून वर फळीवर ठेवल्या.

मग तिने विचारलं, "आई, तू माझ्याकडे बघत का नाहीस?"

"डोळे दुखतात. साखरेने होतं."

तिने बोटांची भुकटी पुसली. मग हळूच म्हणाली, "तुला कोणी काही सांगितलं का? त्या वेळचं?"

"कुठल्या वेळचं?"

"काही नाही."

म्हणजे तिच्याही कानावर माझ्या नजरेचं आलंय. त्या वेळचं म्हणजे कलिंगडाचंच, दुसरं काय. ती मला दोष देत असेल आणि आई म्हणून बोलत नसेल. तिने हात पुढे केला होता, उठायला. मी तो धरला, पण तोंड फिरवून. ती जिना चढत गेली आणि मधे दोनदा थांबली. मला हाक मारता आली असती.

३१ जानेवारी, मंगळवार
साखर १३.०

बी झुहुराने निरोप पाठवला की आता येऊ नका, लग्न होईपर्यंत तरी. एकूण सहा गेल्या. निरोप घेऊन आलेली बाई दारातच उभी राहिली, आत आली नाही.

फमाऊला धक्क्यावर गाठलं. त्याला विचारलं, भांडी खरंच घरांतलीच ना, कोणाच्या कबरीवरची तर नाहीत? त्याचा चेहरा एकदम सैलावला. छातीवर हात ठेवून शपथ घेतली त्याने, "मावशी, कबरीला मी हात लावणार नाही. मेलेल्या माणसाचं काही घेतलं नाही." त्यावर माझा विश्वास बसला. कबरीचं असतं तर मला बरं वाटलं असतं, असा विचार मनात आला आणि स्वतःचीच लाज वाटली. तो त्याच होडीने किझिंगितिनीला गेला, पंधरवड्याने येतो म्हणाला.

म्हणजे दोष भांड्यांत नाही.

बाळंतपणाच्या आधी मी मातोंदोनीला बहिणीकडे जाईन. पंधरा फेब्रुवारीची होडी. चाळीस दिवस झाले की बघू. पोरीचं बाळंतपण आणि आई शेजारच्या गावात, असं आमच्या घराण्यात कधी झालेलं नाही. माझ्या आईने म्वानाशाच्या वेळी माझी पाठ धरली होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. म्वानाशाची पाठ कोण धरणार? हारिथची आई मालिंदीला असते, तिला बोलावून घ्या म्हणून सांगितलंय. हारिथ माझ्याकडे बघतच राहिला.

९ फेब्रुवारी, गुरुवार
साखर १२.४

फुंदी अथमान आला. डिसेंबरात काठी आपटून गेला तो आजच दिसला. हातात रुमालाची पुरचुंडी. बस म्हणायच्या आत बसला आणि पुरचुंडी सोडली. आत पांढरी भुकटी आणि झिलईचे दोन पापुद्रे.

"जीभ लाव," म्हणाला.

मी म्हटलं, फुंदी, तुमचं वय झालं.

"माझ्या चुन्याची गावभर बदनामी केलीस ना? आता जीभ लाव."

लावली. मीठ. शंकाच नको, स्वयंपाकघरातलं असतं तसं मीठ.

मग त्याने सांगितलं, आणि इतकं सावकाश सांगितलं की मला त्याला ढकलावंसं वाटलं. आळशी गवंडी गिलाव्यात किनाऱ्यावरची वाळू गोड्या पाण्यात न धुता घालतो. पावसात भिंत छान दिसते. उत्तरेचा वारा सुटला, भिंत सुकली, की आतलं मीठ बाहेर यायला लागतं आणि बाहेर येताना वरची कातडी उडवतं. फुंदीने शिकाऊ असताना अशी एक भिंत केली होती आणि गुरूकडून मार खाल्ला होता. "ही भांडी घरात नव्हतीच पोरी. समुद्राच्या पोटात होती. शेदोनशे वर्षं असतील. मीठ प्यायलीत. फमाऊच्या भावांना खडकांपाशी बुडालेलं जहाज सापडलंय, आणि ते सरकारला कळू द्यायचं नाही म्हणून पडक्या घरांच्या गोष्टी."

ओलं गोणपाट. शिंपल्याचा तुकडा. अमावस्या-पौर्णिमा. आणि भांड्यातलं मला कळतं म्हणून मी मिरवत होते.

तरी मी म्हटलं, पण मी बघितलं तेव्हाच फुटली.

"तू तिथे दिवसभर बघतच बसायचीस. कधीही फुटली असती तरी तू बघतानाच फुटली असती. तुला घालवलं त्याला नऊ दिवस झाले. खोली बंद होती, चावी माझ्याकडे, कोपऱ्यातला गिलावा सुकत होता म्हणून. तीन फुटल्या. कोणी बघितलं त्यांच्याकडे? मी? मला चार हातांवरचं दिसत नाही."

गावातल्या घरांमधून आणलेल्या पाचांना काही झालेलं नाही, हेही त्यानेच सांगितलं. फमाऊच्या नऊही गेल्या.

मी त्याला कॉफी दिली, खजूर दिले, माफी मागितली. त्याने माफी नीट ऐकून घेतली आणि परत एकदा म्हणायला लावली. जाताना म्हणाला, बी झुहुराला मी सांगतो, तिलाही जीभ लावायला लावतो.

तो गेल्यावर मी कॉफीची भांडी विसळली. भांड्यांचं कळलं. पण माझा नातू मीठ प्यायलेला नव्हता. गुरुवारी कलिंगड म्हटलं आणि शनिवारी तो नव्हता, त्याला फुंदीकडे उत्तर नाही. भांडी फुटली नसती तर मला ते आठवलं नसतं, एवढंच. आठवलं म्हणून ते खोटं होत नाही.

पंधराच्या होडीचं रद्द केलेलं नाही.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

काल सकाळी गाठोडं बांधून झालं होतं. नऊची होडी. हारिथची आई दुपारी पोचणार होती. साडेसातला वरून म्वानाशाची हाक आली, आणि हारिथ अनवाणीच धावत खाली आला. पाणी गेलं होतं. तो नर्सला बोलवायला आणि स्ट्रेचर आणायला दवाखान्याकडे पळाला. घरात आम्ही दोघीच.

"आई, वर ये."

मी जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत गेले आणि अंगावर पांघरलेला लेसो डोळ्यांवर ओढून, भिंतीकडे तोंड करून बसले. म्हटलं, हारिथ येतोच आहे, मी इथे आहे.

"इथे म्हणजे कुठे?"

"जिन्यात."

तिला कळ आली. तो आवाज मी ओळखते, माझ्या आतडीला तो माहीत आहे. मी भिंतीचा चुना नखांनी धरून ठेवला. कळ ओसरल्यावर ती दमून म्हणाली, "मेले तरी जिन्यातच बसणार आहेस का?"

मग मी सांगितलं. भिंतीला सांगितल्यासारखं सगळं सांगितलं. टक लावून बघते ते, शेवाळी फुलदाणीचं, विहिरीवरचं, आणि कलिंगडाचं. माशाल्ला म्हटलं नव्हतं ते. तुझ्या पोराला माझी नजर लागली म्हणाले, आता या बाळाला नको लागायला.

वरून काहीच आवाज नाही. मला वाटलं, तिला शुद्ध नाही. मी उठले, आणि तेवढ्यात ती बोलली. अगदी सरळ आवाजात बोलली.

"आई, तू कलिंगड म्हणालीस ना, तेव्हा ते दोन दिवस हललं नव्हतं."

मी लेसो डोळ्यांवरून खाली ओढला.

"मंगळवारपासून. मला कळलं होतं. बोलले नाही, कारण बोलले की खरं होईल असं वाटलं. तू हात ठेवून हसत होतीस आणि मी मनात म्हणत होते, आईचा हात लागला की हलेल. मंगळवारीच दवाखान्यात गेले असते तर कदाचित." तिला परत कळ यायला लागली आणि ती त्या कळेतूनच ओरडून म्हणाली, "मला वाटलं तुला कळलंय. म्हणून तू माझं तोंड बघत नाहीस."

माझे गुडघे दुखतात म्हणून मी तो जिना तीनदा थांबून चढते. काल कशी चढले ते आठवत नाही. लेसो जिन्यातच राहिला. तिच्याकडे बघितलं. महिनाभरात किती वाळली होती माझी पोर, डोळ्यांखाली काळं, ओठ फुटलेले. मी तिच्या मागे बसले आणि तिची पाठ माझ्या छातीशी धरली. दोघी रडत होतो आणि ती मधे मधे मला शिव्या देत होती. त्या लिहीत नाही, पण तिने त्या माझ्याकडूनच शिकल्यात.

तिला सांगितलं, मंगळवारी जाऊनही काही झालं नसतं. खरं काय ते मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही. पण आईने हे सांगायचं असतं आणि मी ते दोन वर्षं उशिरा सांगितलं.

नऊच्या होडीचा भोंगा झाला तेव्हा आम्ही दवाखान्याच्या दारात होतो. तीन वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. श्वास थोडा अडकत होता म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवलंय. दोन दिवस कोणाला हातात देणार नाहीत. मी पेटीजवळ गेले नाही. सवय एका दिवसात जात नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार
साखर मोजली नाही

दोघी घरी आल्या.

बी झुहुरा स्वतः आली होती, दारात न थांबता आतपर्यंत. मीठ चाटून आली होती बहुतेक, बोलताना घसा साफ करत होती. तिचे सोळा कोनाडे रिकामे आहेत आणि लग्नाला दोन आठवडे. म्हणाली, "तुमच्याशिवाय कोणी निवडू शकत नाही." मी म्हटलं, चाळीस दिवस मी घराबाहेर पडणार नाही. गावातल्या घरांत आजींच्या फळ्यांवर आहेत फुलदाण्या, लग्नापुरत्या मागून आणा आणि घेऊन माझ्या दारात या, इथे बसून सांगीन कुठली कुठे ते. फमाऊच्या फुटक्यांसाठी फुंदीने त्याच्या टाकीत गोडं पाणी भरलंय. रोज पाणी बदलायचं, महिनाभर. चिरा जाणार नाहीत, पण पुढे फुटणार नाहीत. शेवाळी मात्र मी माझ्याकडेच ठेवून घेणार आहे. संग्रहालयातल्या साहेबांना खडकांमधल्या जहाजाचं सांगावं लागेल. आधी मला फमाऊशी बोलायचंय, तोंडावर.

दुपारी म्वानाशाने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. मी सवयीने मान वळवली, खिडकीकडे.

"आई, तोंड इकडे. नीट बघ तिच्याकडे."

"नको गं."

"तू कशी बघतेस तशी बघ."

बघितलं. कपाळ हारिथचं, ओठ माझ्या आईचे, डाव्या कानाच्या पाळीवर बारीकसा तीळ. खिडकीच्या उजेडाकडे धरलं. पायाचा अंगठा हातात घेऊन टाचेवरून माझा अंगठा फिरवला. तिने पाय झटकला, भारी जोर आहे. किती वेळ बघत होते कोण जाणे. माशाल्ला म्हणायचं पुन्हा राहून गेलं होतं. ते म्वानाशाने माझ्या वतीने म्हटलं, आणि मातीचा खडा तोंडात टाकला.